घरातील एल. ई. डी. दिवे व डिमर : बिघाड ओळखा, मगच दिवा बदला



पिकाची पाने पिवळी पडली की आपण लगेच युरियाची गोणी फोडत नाही. आधी पाणी साचले आहे का ते पाहतो, झाड उपटून मुळे पाहतो, पानाची खालची बाजू उलटून पाहतो. कारण पिवळेपणा हे लक्षण आहे, रोग नव्हे. परंतु घरातील दिवा मिणमिणू लागला की आपण हा विचार बाजूला ठेवतो आणि सरळ दुकानात जाऊन नवा बल्ब आणतो. तोही महिन्या-दोन महिन्यांत गेला, की दुकानदाराला नाहीतर कंपनीला दोष देतो. बिघाड मात्र घरातच राहतो.

साध्या काचेच्या बल्बच्या काळात ही सवय खपून जात असे. तो बल्ब म्हणजे काचेत बसविलेली एक तार. ती तुटली की दिवा गेला. आजचा एल. ई. डी. दिवा तसा नाही. त्याच्या पोटात एक छोटे यंत्र आहे आणि घरातील वायरिंगचे दोष ते लगेच दाखवते. हे दोष वेळीच ओळखले तर पैसा वाचतो आणि काही वेळा जीवही वाचतो. प्रस्तुत लेखात दिव्यांचे नेहमीचे बिघाड, त्यांची कारणे आणि त्यांवरील उपाय यांची माहिती दिली आहे.

रावेतच्या एका घरातील अनुभव

माझे आजोळ रावेतचे. पवना नदीवरील ज्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवड महापालिका पाणी उचलते, तेच हे रावेत. एके काळी तेथे नदीकाठाने ऊस आणि भाजीपाला होता. आता रुंद रस्ते आणि उंच इमारती झाल्या आहेत. मामांनी थोडी जमीन राखली आहे. जुन्या घराच्या जागी बंगला बांधला, मागे दोन म्हशींचा गोठा तसाच ठेवला. पट्ट्यातील अनेक शेतकरी कुटुंबांची घरे आज अशीच आहेत. पुढे दिवाणखान्यात शोभेचे दिवे आणि मागे गोठ्यात उघडी वायर.

बंगला बांधला तेव्हा दिवाणखान्यात ६० वॅटचे सहा साधे बल्ब होते आणि ते मंद-प्रखर करण्यासाठी बोर्डावर गोल फिरवायचा डिमर होता. पुढे मामांनी वीज वाचावी म्हणून सहाही बल्ब काढून ९ वॅटचे एल. ई. डी. बसविले. निर्णय योग्य होता. सहा साधे बल्ब रोज ४ तास लावले तर महिन्याला सुमारे ४३ युनिट जळतात. तेवढ्याच वेळात ९ वॅटचे सहा दिवे साडेसहा युनिट घेतात. परंतु दिवे लुकलुकू लागले, डिमर गुणगुणू लागला आणि वर्षभरात एकामागून एक दिवे गेले. मामांनी दोनदा कंपनी बदलली. तिसऱ्यांदा महाग दिवे आणले. तेही गेले.

गोठ्यात वेगळीच तक्रार होती. तेथील दिवा बटण बंद केल्यावरही रात्रभर काजव्यासारखा मंद जळत असे. "एवढ्याशा उजेडाने काय बिल येणार?" म्हणून मामांनी तिकडे दुर्लक्ष केले होते. मी गेलो तेव्हा मामी सहज बोलून गेल्या, "मागच्या पावसाळ्यात बल्ब बदलताना ह्यांना झटका बसला होता. बटण तर बंद होतं, मग कसा बसला कोण जाणे."

मामींचे हे वाक्य ऐकल्यावर मी दिवाणखान्याचा विषय बाजूला ठेवला आणि आधी परवानाधारक वायरमनला बोलावून घेतले. त्या दोन्ही ठिकाणी काय निघाले, ते पुढे योग्य जागी सांगितले आहे. आधी हा दिवा आतून कसा असतो ते पाहू.

एल. ई. डी. दिव्याची रचना

एल. ई. डी. बल्बचे तीन भाग असतात.

१) चकत्या : पांढऱ्या झाकणाखाली पातळ पत्र्यावर बारीक पिवळसर ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक दिवा. मूळ प्रकाश निळा असतो. वरच्या पिवळ्या लेपामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. या निळ्या एल. ई. डी. च्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या चकत्या बहुधा माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यामुळे एक चकती जळाली, तिच्यावर काळा ठिपका पडला, की अख्खी माळ विझते.

२) ड्रायव्हर : आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळा उलट-सुलट होणारी असते. चकत्यांना मात्र एकाच दिशेने वाहणारा, नेमका मोजलेला प्रवाह लागतो. हे रूपांतर करणारे छोटे सर्किट म्हणजे ड्रायव्हर. त्यातील कपॅसिटर नावाचा भाग उष्णतेला सर्वांत नाजूक असतो.

३) उष्णता बाहेर टाकणारा भाग : एल. ई. डी. दिवा कमी तापतो, पण तापतोच. ती उष्णता त्याच्या बुडातील धातूवाटे हवेत गेली पाहिजे. ती कोंडली की कपॅसिटर लवकर सुकतो आणि चकत्याही जळतात.

थोडक्यात, एल. ई. डी. दिव्याचे दोन मुख्य शत्रू आहेत : कोंडलेली उष्णता आणि बिघडलेला वीजपुरवठा. पुष्कळ बिघाड या दोहोंपैकी एकातून निघतात.

तपासणीचा क्रम

दिवा बिघडला की पुढील क्रमाने जावे. पहिल्या चार पायऱ्या घरच्या घरी करता येतात. पाचवी वायरमनची आहे.

पहिली पायरी – बिघाड किती जागी आहे? एकच दिवा, एका खोलीतील सर्व दिवे, संपूर्ण घर की सगळी आळी? एकच दिवा असेल तर दोष दिव्यात, होल्डरमध्ये किंवा बटणात. एका खोलीतील सर्व दिवे असतील तर त्या बोर्डात किंवा तेथवर येणाऱ्या वायरमध्ये. संपूर्ण घर असेल तर मेन स्विच, मीटर किंवा खांबावरील जोड. सगळी आळी असेल तर दोष डी. पी. वर किंवा लाइनवर आहे. घरात काही शोधू नये.

दुसरी पायरी – अदलाबदल. बिघडलेला दिवा दुसऱ्या खोलीतील चालू होल्डरमध्ये लावावा आणि तेथील चांगला दिवा या जागी लावावा. बिघाड दिव्याबरोबर गेला तर दिवा खराब. बिघाड जागेवरच राहिला तर दिवा निर्दोष आहे, तो फेकू नये. ही साधी चाचणी न केल्यामुळे कितीतरी चांगले दिवे उकिरड्यावर जातात. मात्र गोठा, न्हाणीघर यांसारख्या ओल्या जागी, तसेच बटण बंद असताना दिवा मंद जळत असेल तेथे, मेन स्विच पाडल्याशिवाय दिव्याला हात लावू नये.

तिसरी पायरी – वेळ पाहावी. मोटार किंवा पिठाची चक्की सुरू होतानाच दिवा मंद होतो का? लावल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी विझतो आणि थंड झाल्यावर पुन्हा लागतो का? पाऊस पडला की लुकलुकतो का? इन्व्हर्टरवर असतानाच गुणगुणतो का? या नोंदी वायरमनला सांगितल्या तर त्याचे निम्मे काम होते.

चौथी पायरी – वाटेत काय आहे? बटण आणि दिवा यांच्यामध्ये डिमर, लाल इंडिकेटर असलेले बटण, टायमर किंवा माणसाच्या हालचालीवर लागणारा सेन्सर आहे का, ते पाहावे.

पाचवी पायरी – होल्डर, बटण, जोड आणि न्यूट्रल यांची तपासणी. ही मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

डिमर आणि एल. ई. डी. का जमत नाही?

पुष्कळांचा समज असा, की डिमर विजेचा दाब कमी करतो. प्रत्यक्षात तो प्रवाहाचे तुकडे करतो. विजेच्या सेकंदाला १०० अर्ध्या लाटा येतात. डिमर प्रत्येक लाटेचा काही भाग अडवून उरलेला पुढे सोडतो. दिवा जितका मंद हवा, तितका जास्त भाग अडविला जातो.

साध्या बल्बला याचे काही वाटत नाही. त्याची तार तापलेली असते आणि त्या क्षणभराच्या खंडात ती थंड होत नाही. काळ्या जमिनीचे जसे असते तसे. पाण्याची पाळी थोडी लांबली तरी ती ओल धरून ठेवते. एल. ई. डी. ची गत मुरमाड जमिनीसारखी आहे. पाणी थांबले की ती लगेच कोरडी पडते. शिवाय त्याच्या ड्रायव्हरला अखंड लाट मिळावी अशी रचना असते. तुटकी लाट मिळाली की कपॅसिटरवर दर वेळी झटक्याने भार येतो, तो तापतो आणि दिवा अकाली जातो.

दुसरे कारण किमान भाराचे आहे. जुन्या डिमरवर किमान व कमाल वॅट लिहिलेले असतात. मामांच्या डिमरवर '६० ते ४०० वॅट' असे होते. ६० वॅटच्या सहा बल्बांचा भार ३६० वॅट, म्हणजे मर्यादेत. परंतु ९ वॅटच्या सहा दिव्यांचा भार फक्त ५४ वॅट! डिमरला सुरू राहण्यासाठी लागणारा किमान भारच मिळत नव्हता. म्हणून तो धरत-सोडत होता आणि दिवे लुकलुकत होते. दुकानदाराचा आणि कंपनीचा दोष यात काहीच नव्हता.

यावर पुढील उपाय आहेत.

१) मंद उजेडाची खरी गरज नसेल तर डिमर काढून साधे बटण बसवावे. हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. मामांनी हाच केला. सहा दिवे एका बटणावर न ठेवता तीन-तीनचे दोन भाग केले. दूरदर्शन पाहताना तीन, पाहुणे आले की सहा. त्यानंतर दोन पावसाळे गेले, एकही दिवा बदलावा लागला नाही.

२) डिमर हवाच असेल तर वेष्टनावर 'डिमेबल' असे स्पष्ट छापलेलेच दिवे घ्यावेत आणि डिमरही एल. ई. डी. साठीचा घ्यावा. दोहोंपैकी एकच बदलून भागत नाही. एका डिमरवर वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे मिसळू नयेत.

३) एल. ई. डी. डिमरला किमान उजेड ठरविण्याची सोय असल्यास वायरमनकडून ती योग्य जागी लावून घ्यावी. अगदी तळाशी आणल्यावर दिवे लुकलुकत असतील तर ती थोडी वर घ्यावी.

४) पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला कधीही जोडू नये. तसेच दिव्याचा डिमर पंख्याला जोडू नये. दोन्ही वस्तू दिसायला सारख्या असल्या तरी काम वेगळे आहे.

बटण बंद असूनही दिवा मंद जळतो

आता गोठ्यातील दिव्याकडे वळू. या लक्षणाची मुख्य कारणे तीन आहेत.

पहिले कारण निरुपद्रवी आहे. बटणातच बारीक लाल इंडिकेटर असेल, तर बटण बंद असताना त्या इंडिकेटरमधून अगदी थोडा प्रवाह दिव्यापर्यंत जातो. साध्या बल्बला तो पुरत नसे, एल. ई. डी. ला मात्र काजव्याइतके जळायला पुरतो. इंडिकेटर नसलेले बटण लावले की हे थांबते.

दुसरे कारण लांब, शेजारी-शेजारी गेलेल्या वायरींचे आहे. चालू वायरचा थोडा प्रभाव शेजारच्या बंद वायरवर पडतो. जिन्यातील दोन बटणांच्या दिव्यात असे पुष्कळदा दिसते.

तिसरे कारण मात्र घातक आहे, आणि गोठ्यात तेच निघाले. घरात येणाऱ्या दोन वायरींपैकी फेज ही जिवंत वायर आणि न्यूट्रल ही परतीची वायर. बटण नेहमी फेजच्या वायरमध्ये असले पाहिजे, म्हणजे बटण बंद केल्यावर होल्डरपर्यंत वीज पोचत नाही. गोठ्याच्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलमध्ये जोडले गेले होते. बटण बंद केले की दिवा विझल्यासारखा दिसे, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच उभे असत. ओली जमीन, अनवाणी पाय आणि होल्डरला लागलेले बोट. मामांना बसलेला झटका तेथून आला होता. त्या दिवशी पाय थोडे अधिक ओले असते किंवा दुसरा हात लोखंडी खांबावर असता, तर काय झाले असते याचा विचार आजही करवत नाही.

म्हणून एक नियम लक्षात ठेवावा. बटण बंद असताना दिवा मंद जळत असेल, तर कारण समजेपर्यंत त्या होल्डरला हात लावू नये. इंडिकेटर आहे म्हणून जळत असेल असे गृहीत धरू नये. वायरमनकडून फेज कोणत्या बाजूला आहे ते तपासून घ्यावे. आणि साधा दिवा बदलतानाही केवळ बटण बंद न करता मेन स्विच किंवा त्या भागाची एम. सी. बी. पाडावी.

काही दिवे लख्ख, काही मंद

ज्या घरात थ्री फेज जोडणी आहे, तेथे कधी कधी एका खोलीतील दिवे एकाएकी डोळे दिपतील इतके प्रखर होतात आणि दुसऱ्या खोलीतील मंद पडतात. पंखे वेगळ्याच वेगाने फिरू लागतात. असे दिसले की न्यूट्रल सैल झाला आहे किंवा तुटला आहे असे समजावे. अशा वेळी काही खोल्यांत २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब जाऊ शकतो. दिवे, दूरदर्शन संच, फ्रीज, मोबाइलचे चार्जर काही क्षणांत जळतात, आणि आगही लागू शकते.

या वेळी कारण शोधत बसू नये. ताबडतोब मेन स्विच बंद करावा. शेजाऱ्यांकडेही तसेच होत असेल तर दोष बाहेरच्या लाइनवर आहे. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. खांबावर किंवा डी. पी. वर स्वतः चढू नये, गावातील जाणत्या मुलालाही चढवू नये.

तक्ता : लक्षणे, संभाव्य कारणे व उपाय

| लक्षण | संभाव्य कारण | उपाय |
|---|---|---|
| एकच दिवा लुकलुकतो | होल्डरच्या पिना दबलेल्या, बटण झिजलेले | मेन बंद करून होल्डर व बटण बदलून घ्यावे |
| खोलीतील सर्व दिवे लुकलुकतात | बोर्डातील सैल जोड | वायरमनकडून जोड आवळून घ्यावेत |
| लागतो, तापल्यावर विझतो, पुन्हा लागतो | बंद काचेत कोंडलेली उष्णता | हवा खेळणारी फिटिंग, कमी वॅटचा दिवा |
| मोटार सुरू होताना मंद होतो | दाब घसरणे, बारीक वायर | मोटारीची वायर वेगळी व योग्य जाडीची घ्यावी |
| इन्व्हर्टरवर गुणगुणतो | इन्व्हर्टरची लाट ओबडधोबड | साइन वेव्ह इन्व्हर्टर वापरावा |
| चकतीवर काळा ठिपका, दिवा बंद | एक चकती जळाली | दिवा बदलावा, उष्णतेचे कारण शोधावे |
| होल्डर काळा, वास येतो | सैल जोडातील ठिणगी | त्वरित मेन बंद, होल्डर व वायर बदलावी |
| बटण बंद असून मंद जळतो | इंडिकेटर, लांब वायर किंवा उलटी जोडणी | हात न लावता वायरमनकडून तपासणी |

छतातील दिवे व एल. ई. डी. नळ्या

नव्या घरांत खोट्या छतामध्ये बसविलेले चपटे दिवे असतात. त्यांचा ड्रायव्हर बहुधा वेगळा, छताच्या आत ठेवलेला असतो. दिवा बंद पडला तर नेहमी अख्खा संच बदलावा लागत नाही. शेजारच्या चालू दिव्याचा ड्रायव्हर लावून पाहिला की दोष ड्रायव्हरचा आहे की दिव्याचा, ते कळते. मात्र दोन्हींवरील वॅट आणि मिलिअँपिअरचे आकडे एकच असले पाहिजेत. ड्रायव्हर गवत, कागद, थर्मोकोल यांच्याखाली दडपू नये. छतात उंदरांचा वावर असेल तर वायरी पाइपातूनच घ्याव्यात.

जुन्या पट्टीत एल. ई. डी. नळी बसविताना विशेष काळजी घ्यावी. जुन्या पट्टीत चोक आणि स्टार्टर असतात. काही एल. ई. डी. नळ्यांना एकाच टोकाने वीज द्यायची असते, काहींना दोन्ही टोकांनी. नळीसोबत आलेला जोडणीचा आराखडा पाहूनच वायरमनकडून चोक काढून जोडणी करावी. चुकीच्या जोडणीत नळी बसविताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत वीज येऊ शकते.

गोठा, अंगण व पीक

गोठ्यात ओल असते आणि मूत्रातून सुटणारा अमोनिया वायू तांब्या-पितळेचे जोड खातो. कीटक आणि जाळी फिटिंगमध्ये भरतात. त्यामुळे घरातील उघडा होल्डर गोठ्यात लावू नये. पाणी व धूळ आत न जाणारी, 'आय. पी. ६५' असे छापलेली बंद फिटिंग लावावी आणि ती जनावराच्या शिंगाला व शेपटीला लागणार नाही इतक्या उंचीवर असावी. गोठा धुताना पाइपाची धार दिव्यावर किंवा बटणावर मारू नये. लोखंडी फिटिंगला अर्थिंग दिलेच पाहिजे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे.

कृषिविद्येचा शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. अंगणातील प्रखर दिवा रात्रभर शेताकडे तोंड करून ठेवू नये. काही पिकांना फुलोऱ्यावर येण्यासाठी लांब, अखंड रात्र लागते. शेवंती आणि सोयाबीन ही अशी पिके आहेत. अमेरिकेत गार्नर व अॅलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून पिकाच्या फुलोऱ्यावर दिवसाच्या लांबीचा परिणाम होतो हे दाखवून दिले. रस्त्याच्या दिव्याखालचे सोयाबीन बाकीचे पीक वाळले तरी हिरवेच राहते, ते याच कारणाने. रावेतसारख्या ठिकाणी, जेथे शेताच्या बांधालाच दिव्यांचे खांब आले आहेत, तेथे पीक निवडताना याचा विचार करावा.

तळेगाव दाभाडे परिसरात हरितगृहांतील फुलशेती आहे. शेवंती लावणारे उत्पादक रोपांची उंची वाढेपर्यंत कळी येऊ नये म्हणून मध्यरात्री काही तास दिवे लावतात. तेथे डिमर वापरू नये, कारण उजेड ठरावीक पातळीखाली गेला की त्याचा उपयोग होत नाही. ओळीतील एक दिवा विझला तरी त्याखालच्या झाडांना लवकर कळ्या येतात आणि वाफा असमान होतो. म्हणून या काळात रोज रात्री सर्व दिव्यांवर नजर टाकावी. वर दिलेली अदलाबदलीची चाचणी येथेही तितकीच उपयोगी पडते, मात्र हरितगृहात ओल असल्याने ती मेन बंद करूनच करावी.

दिवा विकत घेताना

१) वॅटबरोबर लुमेनचा आकडा वाचावा. लुमेन म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा उजेड. सारख्याच वॅटमध्ये जास्त लुमेन देणारा दिवा चांगला. वेष्टनावरील तारेही पाहावेत.

२) दाबाची मर्यादा पाहावी. जेथे दाब वर-खाली होतो, तेथे १०० ते ३०० व्होल्टवर चालणारा दिवा घ्यावा.

३) भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी खूण आणि आय. एस. १६१०२ हा मानक क्रमांक असल्याची खात्री करावी. सुटे, वेष्टन नसलेले दिवे घेऊ नयेत.

४) रंग पाहावा. ३००० केल्विनच्या आसपासचा उजेड पिवळसर, ६५०० केल्विनचा पांढरा असतो.

५) पावती जपून ठेवावी आणि होल्डरमध्ये बसविलेल्या दिव्यावर बसविल्याची तारीख लिहावी. हमीच्या मुदतीत गेलेला दिवा बदलून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

२०१५ साली ५ जानेवारीला केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि त्यानंतर एल. ई. डी. दिवे गावोगावी पोचले. दिवे बदलले, पण अनेक घरांतील वायरिंग, होल्डर आणि डिमर जुनेच राहिले. आजच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ येथे आहे.

सुरक्षिततेचे नियम

– दिव्याचे कोणतेही काम करताना मेन स्विच बंद करावा, घरातील एक माणूस त्याच्याजवळ उभा करावा.
– कोरडे हात, पायात रबरी चप्पल आणि लाकडी स्टूल. लोखंडी शिडी वापरू नये.
– टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही असे समजू नये. टेस्टर खराब असू शकतो. आधी तो चालू जागी लावून पाहावा.
– घराला ३० मिलिअँपिअरची आर. सी. सी. बी. बसवून घ्यावी. वीज माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. तिच्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. मात्र फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी एकदम हातात धरल्या तर तीही वाचवू शकत नाही.
– वळवाच्या पावसात विजा चमकत असताना मेन बंद ठेवावा.
– कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नये. आधी मेन बंद करावा. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करावी. श्वास बंद असल्यास छातीच्या मध्यभागी जोराने व वेगाने दाब देत राहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
– गेलेले दिवे उकिरड्यात टाकू नयेत. ते शेणखताबरोबर शेतात जातात. जुन्या सी. एफ. एल. दिव्यांत व नळ्यांत पारा असतो. हे सर्व ई-कचरा संकलनात द्यावेत.

मामांच्या गोठ्यात वायरमनने बटण फेजमध्ये घेतले, बंद फिटिंग लावली आणि आर. सी. सी. बी. बसविली. सर्व काम एका दुपारी झाले. खर्च वर्षभरात फुकट गेलेल्या दिव्यांपेक्षा जास्त आला, हे खरे. परंतु मामी आता पहाटे धारेला जाताना निर्धास्तपणे दिवा लावतात.

दरवर्षी मे महिन्यात आपण बियाणे-खतांची जुळवाजुळव करतो, औते-अवजारे तपासतो. त्याच वेळी अर्धा दिवस काढून घर, गोठा आणि विहिरीवरील दिव्यांची वर दिलेल्या क्रमाने पाहणी करावी, आणि शंका येईल तेथे पावसाळ्यापूर्वीच वायरमनला बोलवावे. विशेषतः ज्या होल्डरने पूर्वी कोणाला झटका दिला आहे, त्याची तपासणी करून घेतल्याशिवाय पुन्हा त्यात दिवा लावू नये.